डेस्कटॉप संगणकावर ऑटो क्लिकर वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळमध्ये आम्ही संगणक वर्ग चालवतो आणि त्याला जोडूनच स्कॅनिंग, फॉर्म भरणे व डेटा एन्ट्रीची कामे घेतो. वर्गात शिकणारी मुले, रावेर-यावलकडचे केळी व्यापारी, शेजारच्या दुकानांतले हिशेबनीस आणि सेवा केंद्र चालवणारे आमचे मित्र गेली काही वर्षे ऑटो क्लिकरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. आपल्या भागात बहुतेकांकडे विंडोज असल्यामुळे उत्तरेही मुख्यतः विंडोजला धरून दिली आहेत.

ऑटो क्लिकर म्हणजे नेमके काय?

आपण ठरवून दिलेल्या जागी, ठरवून दिलेल्या वेळेच्या अंतराने आणि ठरवून दिलेल्या संख्येइतके क्लिक करणारा हा एक लहानसा प्रोग्रॅम असतो. त्याला पडद्यावर काय दिसते आहे हे कळत नाही. पडद्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडे इतके आणि खाली इतके पिक्सेल मोजून येणारा एक बिंदू, एवढेच त्याला ठाऊक असते. त्या बिंदूवर ‘पुढे’ हे बटण असो की ‘काढून टाका’ हे असो, तो सारख्याच निष्ठेने क्लिक करतो. पुढची बहुतेक उत्तरे या एकाच गोष्टीवर उभी आहेत.

त्यामुळे माऊस लवकर खराब होतो का?

नाही. माऊसच्या बटणाखाली जो बारीक स्विच असतो, तो आपल्या बोटाने दाबला गेला तरच झिजतो. ऑटो क्लिकर त्या स्विचला हातही लावत नाही. ‘डावे बटण दाबले गेले’ आणि ‘डावे बटण सुटले’ असे दोन संदेश तो थेट विंडोजकडे पाठवतो, आणि विंडोज ते खऱ्या माऊसकडून आल्यासारखे पुढच्या प्रोग्रॅमला पोहोचवते. माऊस काढून ठेवला तरी क्लिक चालू राहू शकतात, ते यामुळेच. मात्र अशा कृत्रिम संदेशांवर विंडोज एक खूण ठेवते आणि एखाद्या प्रोग्रॅमला ती वाचायची असेल तर वाचता येते. म्हणून ‘कोणाला कळणार आहे’ हा समज चुकीचा आहे.

एकदा क्लिक केले तरी दोनदा होते, अशी तक्रार असेल आणि ऑटो क्लिकर बंद असेल, तर ती झिजलेल्या स्विचची तक्रार आहे. त्यासाठी माऊसच बदलावा लागतो.

कोणता प्रोग्रॅम घ्यावा आणि कुठून घ्यावा?

नवशिक्यांसाठी ओपी ऑटो क्लिकर हा सोपा आणि मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. ज्यांची संगणकासाठी थोड्या आज्ञा लिहून काम करून घ्यायची तयारी आहे, त्यांनी ऑटोहॉटकी शिकावे, असा आमचा आग्रह असतो. ते २००३ पासून उपलब्ध आहे, मुक्त स्रोत आहे, आणि त्यात ‘अमुक नावाची विंडो समोर असेल तरच क्लिक कर’ अशी अट घालता येते. साध्या ऑटो क्लिकरला ही अट घालता येत नाही, आणि निम्मे अपघात तिच्या अभावीच होतात.

दोन्ही मूळ पानावरूनच उतरवून घ्यावेत. सारख्याच नावाची आणि सारख्याच चित्रांची अनेक पाने शोधयंत्रात वर दिसतात, आणि त्यांवर मोठ्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणाखाली भलतेच काहीतरी ठेवलेले असते. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आलेली फाइलही तशीच घेऊ नये. फाइल उघडण्यापूर्वी ती व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकून पाहावी, कारण तेथे अनेक अँटीव्हायरसांचे मत एकाच वेळी मिळते.

अँटीव्हायरस त्याला धोकादायक का म्हणतो?

दुसऱ्याच्या वतीने क्लिक करणे आणि कळ दाबली गेली की नाही यावर लक्ष ठेवणे, ही दोन्ही कामे घातक प्रोग्रॅमसुद्धा करतात, म्हणून निरुपद्रवी ऑटो क्लिकरवरही कधीकधी संशय घेतला जातो. परंतु यावरून ‘अँटीव्हायरस बंद करा आणि मग इन्स्टॉल करा’ असे सांगणाऱ्या पानावर विश्वास ठेवावा असे मुळीच नाही. एखाद-दुसऱ्या अँटीव्हायरसने शंका घेतली आणि बाकीच्यांनी फाइल निर्दोष ठरवली, तर आपण विचार करू शकतो. दहा-पंधरांनी धोका सांगितला, तर ती फाइल तेथेच काढून टाकावी.

पहिल्यांदा वापरताना काय काय ठरवावे लागते?

ओपी ऑटो क्लिकर उघडल्यावर चार भाग दिसतात: दोन क्लिकमधले अंतर, क्लिकचा प्रकार, किती वेळा क्लिक करायचे, आणि कोठे क्लिक करायचे. अंतर तास, मिनिटे, सेकंद आणि मिलिसेकंदांत देता येते. प्रकारात डावे, उजवे की मधले बटण आणि एकेरी की दुहेरी क्लिक हे निवडायचे असते. जागेसाठी दोन पर्याय आहेत. पहिल्यात कर्सर जेथे असेल तेथे क्लिक होतो, आणि दुसऱ्यात आपण एकदा निवडून दिलेल्या बिंदूवर कर्सर दर वेळी परत नेऊन क्लिक केला जातो.

‘किती वेळा’ या भागाकडे नवखे लोक पाहतच नाहीत आणि ‘थांबवेपर्यंत’ हा पर्याय तसाच ठेवतात. आमच्या वर्गात आम्ही पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून तेथे १० हा आकडा भरून घेतो आणि कर्सर रिकाम्या नोटपॅडवर ठेवायला लावतो. दहा क्लिक झाले, प्रोग्रॅम आपोआप थांबला, आता २० करून पाहा. कामाच्या ठिकाणीही हाच क्रम ठेवावा. ४०० पाने पुढे सरकवायची असतील तर आधी ५, मग ५०, आणि ती डोळ्यांनी तपासल्यावरच उरलेली.

सुरू करण्याची आणि थांबवण्याची कळ बहुधा एफ ६ असते. ही कळ दाबून प्रोग्रॅम थांबतो की नाही, हे खरे काम सुरू करण्याआधी पाहून घ्यावे. बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या कळा आवाज किंवा उजेड कमी-जास्त करण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, तेथे एफएन कळ सोबत दाबावी लागते. थांबवण्याची कळ म्हणून एखादे अक्षर कधीही ठेवू नये. मराठीत नाव टंकित करताना ते अक्षर आले की फॉर्मच्या मधोमध क्लिक सुरू होतात.

दोन क्लिकमध्ये किती अंतर ठेवावे?

१००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. १०० मिलिसेकंद ठेवले तर सेकंदाला दहा क्लिक होतात. मुलांना नेहमी १ मिलिसेकंद ठेवून पाहायचे असते, पण त्याने सेकंदाला हजार क्लिक मिळत नाहीत. विंडोजचे घड्याळ सहसा सेकंदाला ६४ ठोके देते, म्हणजे दोन ठोक्यांत सुमारे १५.६ मिलिसेकंद जातात, आणि त्याहून बारीक अंतर साध्या प्रोग्रॅमला नेमके पाळता येत नाही. शिवाय समोरचा प्रोग्रॅम एवढ्या वेगाने आलेले क्लिक हाताळू शकत नसेल, तर ते रांगेत साचतात, विंडो गोठल्यासारखी होते, आणि आपण थांबवल्यानंतरही काही वेळ साचलेले क्लिक पुढे चालूच राहतात.

दुसरी बाब दुहेरी क्लिकची. एकाच जागी ५०० मिलिसेकंदांच्या आत दोन क्लिक झाले तर विंडोज, मूळ सेटिंग बदललेली नसल्यास, त्यांना दुहेरी क्लिक समजते. ‘मी एकेरी क्लिक ठेवला होता, तरी फाइली उघडत गेल्या’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचे अंतर जवळजवळ नेहमी २०० किंवा ३०० असते. खेळ सोडून इतर कामांसाठी ६०० च्या खाली जाऊ नये.

खरे उत्तर मात्र आकड्यात नाही, समोरचा प्रोग्रॅम एक पायरी पूर्ण करायला जास्तीत जास्त किती वेळ घेतो, यात आहे. दहा वेळा हाताने करून पाहावे, सर्वांत सावकाश झालेली वेळ मोजावी आणि तिच्या दुप्पट अंतर ठेवावे. घाई असते हे आम्हाला कळते, पण येथे वाचवलेला अर्धा तास पुढे कसा खर्च होतो, ते खालच्या उत्तरात आले आहे.

आम्ही तो रात्रभर किंवा जेवणाच्या सुट्टीत चालू ठेवून जाऊ शकतो का?

आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते अनुभवातून आले आहे. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगच्या जुन्या आवक वह्या आम्ही स्कॅन करून दिल्या. वह्या लाल कापडी बांधणीच्या होत्या आणि पाने कडांना पिवळी पडलेली होती. प्रत्येक पानाचे चित्र तयार झाले की ‘सेव्ह’ दाबायचे, फाइलच्या नावातला आकडा आपोआप वाढायचा, आणि पुढचे पान घ्यायचे. पाने सरकवणारा स्कॅनर असल्याने क्लिक तेवढा हाताने करावा लागत होता. मी त्या बटणावर ऑटो क्लिकर लावला, दोन सेकंदांचे अंतर दिले, पहिली वीस पाने पाहिली आणि जेवायला गेलो.

मध्येच कधीतरी संगणक थोडा मंदावला. आकडा वाढण्यापूर्वीच पुढचा क्लिक पडला, आणि प्रोग्रॅमने विचारले: या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहायचे का? त्या चौकटीतले ‘हो’ हे बटण नेमके माझ्या ठरवलेल्या बिंदूवर आले होते. तेव्हापासून प्रत्येक नवे पान आधीच्या पानावर लिहिले जाऊ लागले. परत आल्यावर पडद्यावर सगळे सुरळीत दिसत होते, स्कॅनरचा आवाजही नेहमीसारखा होता. फोल्डर उघडून मोजले तेव्हा ८३ पानांच्या जागी एकच फाइल होती, आणि तिच्यात शेवटचे पान होते. वह्या आमच्याकडेच असल्यामुळे नुकसान एका दिवसाच्या मेहनतीवर निभावले. वह्या परत गेल्या असत्या तर काय सांगितले असते, हे मला आजही सुचत नाही.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. क्लिकचा बिंदू निवडताना त्या प्रोग्रॅमच्या सूचना देणाऱ्या चौकटी पडद्याच्या मध्यभागी उघडतात हे लक्षात घेऊन विंडो एका बाजूला सरकवतो, म्हणजे बटण मध्यापासून दूर राहते. दर ५० क्लिकनंतर प्रोग्रॅम थांबेल असेच ठेवतो. आणि जी कृती मागे घेता येत नाही, तिच्यावर ऑटो क्लिकर लावत नाही.

क्लिक थांबतच नाहीत, आता काय करावे?

एक विद्यार्थी धावत आला होता, ‘दादा, हाई तं थांबतच नही’ म्हणत, आणि तोपर्यंत त्याच्या पडद्यावर चाळीसेक विंडो उघडल्या होत्या. अशा वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो. आधी ठरवलेली कळ एकदाच दाबावी. घाबरून दोनदा दाबली तर थांबलेले पुन्हा सुरू होते. क्लिक कर्सरच्या जागीच होत असतील तर माऊस हलवून कर्सर डेस्कटॉपच्या मोकळ्या भागावर न्यावा, तेथे ते फारसे नुकसान करत नाहीत. तरीही जमले नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबाव्यात. त्यानंतर येणाऱ्या पडद्यावर ऑटो क्लिकरचे क्लिक पोहोचत नाहीत. तेथून टॅब आणि बाणांच्या कळांनी टास्क मॅनेजर निवडून प्रोग्रॅम बंद करता येतो, आणि तेही शक्य नसेल तर साइन आउट करावे. उघडे काम सेव्ह झालेले नसेल तर ते जाईल, पण संगणक थेट स्विचवरून बंद करण्यापेक्षा हे बरे.

क्लिक ठरवलेल्या जागी न पडता बाजूला पडतात, असे का होते?

बहुधा पडद्यावरची अक्षरे मोठी करण्यासाठी डिस्प्लेचे प्रमाण १२५ किंवा १५० टक्के ठेवलेले असते, आणि जुना प्रोग्रॅम १०० टक्के धरून बिंदू मोजतो. प्रमाण बदलून बिंदू पुन्हा निवडावा. दोन पडदे जोडलेले असतील तर दोघांचे प्रमाण सारखे ठेवावे. विंडो हलवली किंवा ब्राउझरमधले पान झूम केले, तरीही बिंदू नव्यानेच निवडावा लागतो.

काही प्रोग्रॅमवर क्लिक होतच नाही, याचे कारण काय?

विंडोज व्हिस्टापासून असा नियम आहे की साध्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम प्रशासकाच्या (ॲडमिनिस्ट्रेटरच्या) अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमला कृत्रिम क्लिक पाठवू शकत नाही. म्हणून काही हिशेबाच्या प्रोग्रॅमवर ऑटो क्लिकर निष्प्रभ ठरतो. ऑटो क्लिकरही प्रशासक म्हणून चालवला तर अडचण दूर होते, पण अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलला तो अधिकार देऊ नये. विंडोजने परवानगी विचारताना पडदा काळवंडतो, त्या चौकटीवरही क्लिक पोहोचत नाहीत, आणि तशी व्यवस्था आपल्याच सुरक्षेसाठी केलेली आहे.

सरकारी पोर्टल अडकले की ‘सबमिट’वर ऑटो क्लिकर लावावा का?

खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्रांबाहेर पहाटेपासून रांग लागते, आत पान पांढरे होऊन थांबलेले असते, आणि शेतकरी सातबाऱ्याची प्रत हातात धरून उभा असतो. त्या वेळी बटण दाबतच राहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हे करू नये. पान अडकले आहे याचा अर्थ आपली विनंती पोहोचली नाही असा होत नाही. अनेकदा ती पोहोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेले नसते. अशा वेळी पुन्हा पुन्हा सबमिट झाल्याने एकाच शेतकऱ्याचे दोन अर्ज होऊ शकतात, आणि पैसे भरण्याच्या पानावर तर रक्कम दोनदा कापली जाण्याची भीती असते. शिवाय त्याच सर्व्हरवर शहाद्यापासून मुक्ताईनगरपर्यंतची सगळी केंद्रे अवलंबून असतात, आणि आपले अनावश्यक क्लिक त्यांचीही वाट अडवतात. अर्जाची स्थिती वेगळ्या खिडकीत तपासावी आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

तत्काळ तिकिटासाठी वापरला तर चालतो का?

भुसावळ जंक्शनच्या गावात हा प्रश्न येणारच. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांचे ११ वाजता उघडते, आणि पहिल्या काही मिनिटांत सगळे संपते. म्हणूनच स्वयंचलित साधनांनी आरक्षण करण्यास मनाई आहे, आणि असे करताना आढळलेले खाते बंद केले जाते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधारने पडताळलेल्या खात्यावरूनच काढता येते, आणि अधिकृत एजंटांनाही पहिली ३० मिनिटे थांबावे लागते. दुसऱ्यांसाठी तिकिटे काढण्याचा विनापरवाना धंदा हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम ऑनलाइन काढलेल्या तिकिटांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. व्यवहाराचे सांगायचे तर कॅप्चा आणि ओटीपी यांपुढे आंधळा क्लिक निरुपयोगीच ठरतो. प्रवाशांची यादी आधीच भरून ठेवणे, याचा त्याहून खूप अधिक फायदा होतो.

खेळांमध्ये वापरला तर खाते बंद होते का?

ते त्या खेळाच्या नियमांवर अवलंबून आहे. २०१३ मध्ये आलेल्या कुकी क्लिकरसारख्या एकट्याने खेळायच्या खेळात कोणाचेच नुकसान नसते. जेथे समोर दुसरा माणूस खेळत असतो, तेथे ऑटो क्लिकर म्हणजे फसवणूक धरली जाते, आणि माइनक्राफ्टच्या अनेक सर्व्हरवर त्यासाठी बंदी घातली जाते. अगदी समान अंतराने पडणारे क्लिक ओळखणे अवघड नसते, कारण माणसाचे बोट तितके नियमित चालत नाही.

जाहिरातींवर क्लिक करून पैसे मिळवता येतात, असे ऐकले आहे.

आपल्या चॅनेलवरच्या किंवा पानावरच्या जाहिरातींवर स्वतः किंवा साधनाने क्लिक करणे गुगलच्या नियमांत बसत नाही. असे क्लिक अवैध धरले जातात, पैसे रोखले जातात आणि खाते बंद होते. ‘दिवसाला इतके क्लिक करा आणि पगार घ्या, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे संदेश आमच्या विद्यार्थ्यांनाही येतात. त्यात शुल्क तेवढे खरे असते. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

लिनक्स किंवा मॅकवर काय वापरावे?

लिनक्सवर एक्सडूटूल हे साधन एका ओळीच्या आज्ञेने काम करते, पण ते पडदा आणि माऊस हाताळणाऱ्या एक्स ११ या जुन्या व्यवस्थेवर चालते. लिनक्सच्या नव्या वितरणांत तिच्या जागी वेलँड असते, तेथे ते बहुतांशी चालत नाही. मॅकवर ऑटो क्लिकरला प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधील ॲक्सेसिबिलिटी या सदरात स्वतंत्र परवानगी द्यावी लागते.

हाताला त्रास होतो म्हणून वापरला तर?

आमच्या मते या साधनाचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी लोक विचारतात. आमच्याकडे एन्ट्री करणाऱ्या एका ताईंना दिवसभराच्या कामानंतर उजव्या हाताची तर्जनी मिटता येत नसे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला, पंखा गरम वारा फेकतो आहे, घामाने माऊस निसटतो आहे आणि तो घट्ट धरून ठेवण्यात मनगट आखडते आहे, अशी त्यांची दुपार जात होती. आम्ही त्यांच्या कामातले नुसते ‘पुढे’ दाबण्याचे टप्पे वेगळे काढले आणि तेवढ्यापुरता पन्नास-पन्नासच्या हप्त्यांत ऑटो क्लिकर लावून दिला. तो चालू असताना त्या हात मांडीवर ठेवून पडद्यावरच्या नोंदी वाचतात, आणि त्यामुळे आता चुकाही आधीपेक्षा लवकर सापडतात.

ज्यांना बटण दाबणेच कठीण जाते, त्यांनी विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या सोयीही पाहाव्यात. डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक या कळा एकत्र दाबल्या की माऊस कीज सुरू होते. मग आकड्यांच्या कळांनी कर्सर हलतो आणि ५ ने क्लिक होतो. क्लिक लॉक सुरू केल्यास ओढून न्यायच्या कामात बटण दाबून धरावे लागत नाही. मॅकवर आणि लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर कर्सर एका जागी थोडा वेळ स्थिर ठेवला की आपोआप क्लिक होण्याची सोय आहे. मुंग्या येणे, बोटे बधिर होणे किंवा रात्री मनगट ठणकणे हे सुरू झाले असेल, तर कोणतेही साधन लावण्याआधी डॉक्टरांना हात दाखवावा.

वीज गेली तर काय होते?

यूपीएस नसेल तर संगणकासोबत ऑटो क्लिकरही बंद पडतो, आणि वीज आल्यावर तो आपोआप सुरू होत नाही. यूपीएस असेल तर एक वेगळीच अडचण उभी राहते: संगणक चालू राहतो, पण राउटर बंद पडलेला असतो, आणि क्लिक मात्र ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ या पानावर पडत राहतात. राउटरही त्याच यूपीएसवर जोडावा, आणि वीज गेल्याबरोबर आधी एफ ६ दाबावी.